कंसाचं मुंडकं आणि नवरीचा चुडा

लग्नाची तीथ उलटली, की शूटिंगवाल्याच्या मागे तगादा लागतो, ‘मिक्सिंग झालं का?’ औंढा नागनाथ तालुक्यातलं जवळा बाजारही याला अपवाद नसावं. या मिक्सिंगमधलं, म्हणजे चित्रणाच्या संकलनातलं, सगळ्यांत किचकट आणि पाहणाऱ्याच्या कधीच लक्षात न येणारं काम म्हणजे मास्क.

चित्राचा कोणता भाग दाखवायचा आणि कोणता झाकायचा, याची आखणी म्हणजे मास्क. तेच काम दुसऱ्या चित्राकडून करून घेतलं की ती मॅट. तिच्यातल्या पांढऱ्या जागी खालचं दृश्य दिसतं, काळ्या जागी लपतं, करड्या जागी अर्धवट दिसतं. वधूवरांची नावं जाड पांढऱ्या अक्षरांत लिहून मॅट म्हणून लावली, की अक्षरांच्या पोटात हळदीचा कार्यक्रम चालू होतो. लोकांना हे फार आवडतं. खरं तर मिक्सिंगमधलं ते सगळ्यांत सोपं काम.

संगणक नव्हता तेव्हा हा खेळ कॅमेऱ्यातच चाले. दादासाहेब फाळके ‘प्रोफेसर केळफा’ या नावानं जादूचे प्रयोगही करत. आडनाव उलटं केलेलं. त्यांच्या ‘श्रीकृष्णजन्म’मध्ये (१९१८) भेदरलेल्या कंसाला आपलंच मुंडकं धडावेगळं होऊन वर जाताना दिसतं. फ्रान्समध्ये चित्रपटकार मेलियेसनं १८९८ सालीच आपली मुंडकी टेबलावर मांडून दाखवली होती. अशा दृश्यांची तेव्हाची रीत साधी, पण जीव टांगणीला लावणारी. पाठीमागे काळा पडदा लावायचा किंवा भिंगापुढे काळा पुठ्ठा धरायचा. तेवढा भाग फिल्मवर कोराच राहतो. मग हँडलचे फेरे मोजत फिल्म मागे घ्यायची आणि कोऱ्या जागेत दुसरं दृश्य टिपायचं. एका फेऱ्यात साधारण आठ चौकटी सरकत. मोजणी चुकली की मुंडकं एकीकडे आणि धड दुसरीकडे. कॅमेरा केसभर हलला तरी सांधा उघडा पडायचा. फिल्म धुऊन हाती येईपर्यंत काही कळायचं नाही.

हलत्या माणसाला पार्श्वभूमीपासून सोडवायला पुढे रंगीत पडदा आला. ‘बेन-हर’ (१९५९) या चित्रपटासाठी तंत्रज्ञ पेट्रो व्लाहोस यांनी निळ्या पडद्याची पद्धत इतकी सुधारली, की केसांच्या बटाही शाबूत राहू लागल्या. आता सगळीकडे हिरवा पडदा दिसतो, आणि आपल्याकडे नेमकी तिथेच पंचाईत होते. नवरीच्या हातात हिरवा चुडा! सॉफ्टवेअरला सौभाग्य कळत नाही. हिरवं दिसलं की ते उडवतं, आणि मनगटाला भोक पडून त्यातून मागे जोडलेला काश्मीरचा बर्फ दिसू लागतो. पडद्याची अंगावर पडलेली हिरवी झाक काढायला जावं, तर कधी हळदीचा पिवळाही नारिंगीकडे झुकतो. ज्या मुलखात वसमतच्या बाजारात हळदीचे ढीग लागतात, तिथे हा रंग चुकून कसा चालेल? माझ्या मते मराठी लग्नाला निळा पडदाच बरा, अर्थात शालू निळा नसेल तर.

पडदाच नसेल, तर कडा हातानं आखायची. सेकंदाला पंचवीस चौकटी, म्हणजे चार सेकंदांच्या शॉटच्या शंभर. खांदा, पदर यांचं फार वाटत नाही; काही चौकटींवर आकार बसवला की मधल्या चौकटी सॉफ्टवेअर भरतं, आणि फेदर दिला की कड मऊ होते. खरा छळ मुंडावळ्यांचा. कपाळावरून लोंबणारा मोत्यांचा सर गालावर असतो तोवर ठीक. नवरा वळला की तो चेहऱ्याबाहेर झुलतो आणि प्रत्येक मण्यामागे मंडप दिसतो. सर आत घ्यावा तर त्याच्यासोबत मंडपही येतो. बाहेर ठेवला तर मुंडावळ्या अर्ध्यावर कापल्या जातात, आणि हे मात्र वरमाईच्या नजरेतून सुटत नाही.

आता ‘मॅजिक मास्क’सारखी साधनं माणूस स्वतःच ओळखून कापतात. अक्षता पडू लागल्या, की त्यांचीही भंबेरी उडते. उडता तांदूळ चौकटीत दाणा राहत नाही, धूसर रेघ होतो. तिच्यातून अर्धी नवरी आणि अर्धा मंडप दिसतो. म्हणून मंगलाष्टकांच्या शॉटला शहाणा मिक्सिंगवाला मास्क लावतच नाही, मग मागे मंडपवाल्याचा पंखा उभा असला तरी.