समुद्रांत जन्मणारा कृष्णेचा अहीर

सातारा व सांगली जिल्ह्यांतील नदीकांठच्या शेतकऱ्यांस अहीर मासा ठाऊक आहेच. सापासारखा लांब, बुळबुळीत, दगडांच्या कपारींत राहणारा व रात्रीं भक्ष्यास निघणारा. वाम आणि अहीर यांची पुष्कळदां गल्लत होते; वामीच्या पाठीवर कांटे असतात, अहिरास ते नसतात.

परंतु हा मासा मूळचा समुद्राचा, हें थोड्यांसच माहीत असेल. रोहू, कटला वगैरे नदींतच अंडीं घालतात. अहिराचें उलट आहे. त्याची पैदास खोल समुद्रांत होते. पानासारखीं चपटीं पिलें प्रवाहाबरोबर किनाऱ्यास येतात, तेथें रूप पालटून नदींत शिरतात व वर चढूं लागतात. मादी गोड्या पाण्यांत कित्येक वर्षें वाढते, मग पुरासरशी समुद्रास परतते, एकदांच अंडीं घालते आणि मरते. महाबळेश्वराहून अरबी समुद्र सरळ रेषेंत शंभर किलोमीटरही नाहीं. पण कृष्णा पडली पूर्ववाहिनी, म्हणून आमच्या अहिराची वाट बंगालच्या उपसागरांतून, सुमारें १,४०० किलोमीटरांची.

ही वाट आतां मोडली आहे. विजयवाड्याचा १८५५ सालचा जुना बंधारा बुटका होता, व ओल्या दगडावरून सरपटत चढणें अहिराच्या पिलास साधतें. पुढें नागार्जुनसागर (१९६७), श्रीशैलम, नारायणपूर, अलमट्टी हीं धरणें झालीं. नागार्जुनसागराची भिंत १२४ मीटर उंच. तिच्यापुढें पिलाचा इलाज नाहीं, आणि उतरणारी मादी विजेच्या चक्रांत सांपडते. युरोपांतील अहीर २००८ पासून अतिसंकटग्रस्त गणला जातो. आपल्याची नोंद जागतिक यादींत ‘संकटसमीप’ अशी झाली आहे.

तलावांत बीज सोडूं, असें कोणी म्हणेल. रोहूचें बीज केंद्रांत मिळतें, अहिराचें मिळत नाहीं. जपानांत २०१० सालीं तिकडील अहिराचें जीवनचक्र प्रयोगशाळेंत पुरें केलें गेलें, तरी तेथील मत्स्यशेती मुख्यतः धरून आणलेल्या पिलांवरच चालते. म्हणजे वाट उघडण्यावांचून दुसरा उपाय नाहीं. परदेशांत बंधाऱ्यांस ओल्या कुंचल्यांच्या शिड्या लावतात, तशा येथेंही लावतां येतील.

कोयना व धोम यांच्या पाण्यावर आमचाही ऊस उभा आहे. तेव्हां खालच्या प्रांतांस नांवें ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. मात्र कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बरगे पावसाळ्यांत काढलेले असतात, तेवढ्या काळांत त्यांच्या तोंडाशीं जाळीं लावून उतरणारे मोठे अहीर धरूं नयेत; पुढची पिढी समुद्रास नेणाऱ्या माद्या त्यांतच असतात. सुरुंग व विष यांनीं मासे मारण्यास तर १८९७ सालच्याच कायद्यानें बंदी घातली होती.