काचपेटीतील सहजीवन : नव्या मत्स्यालयासाठी माशांची निवड

भोपाळच्या जुन्या रहिवाशांना माशाच्या आकाराची मछलीघराची इमारत आठवत असेल. ती आता राहिलेली नाही. परंतु काचेमागील संथ हालचाली पाहत बसण्याची ओढ अनेकांच्या मनात शिल्लक आहे. त्याच ओढीने काही वर्षांपूर्वी मी दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षात तीन फुटी काचपेटी मांडली, पाणवनस्पती लावल्या आणि त्याच संध्याकाळी डोळ्यांना भावलेले मासे आणले : निऑन टेट्रा, एंजल, टायगर बार्ब, दोन गोल्डफिश आणि काच स्वच्छ ठेवेल म्हणून एक सकर. पंधरा दिवसांत चारच मासे उरले. रोज इंजेक्शनसाठी येणाऱ्या एका चिमुरडीने विचारले, "डॉक्टरकाका, तुम्ही माशांना औषध नाही दिलं?" मी निरुत्तर झालो. प्रश्न औषधाचा नव्हताच. चूक निवडीची होती.

रक्त देण्यापूर्वी आपण गट पाहतो आणि तो जुळला तरी क्रॉस-मॅचिंग केल्याशिवाय बाटली लावत नाही. माशांच्या बाबतीतही तोच नियम पाळावा. ही जुळणी तीन पातळ्यांवर करावी लागते.

१. पाण्याशी जुळणी

नव्या पेटीतील पाणी स्वच्छ दिसले तरी ते राहण्यायोग्य असतेच असे नाही. माशांच्या उत्सर्जनातून अमोनिया तयार होतो. एका गटातील जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या गटातील जिवाणू नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे जिवाणू फिल्टरमध्ये व वाळूत स्थिरावण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे सोडले तर अमोनिया त्यांचे कल्ले जाळतो आणि नायट्राइटमुळे रक्तात मेथहिमोग्लोबिन वाढते. पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. म्हणून प्रारंभी पेटी माशांविना चालवावी, रोज चिमूटभर खाद्य टाकावे आणि परीक्षण-संचाने अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याची खात्री करावी. वनस्पती अमोनिया व नायट्रेट शोषतात, पण त्यांच्यामुळे ही प्रतीक्षा टळत नाही. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढण्यास विसरू नये.

कूपनलिकेचे पाणी बहुधा जड असते. गप्पी व प्लॅटी यांना ते मानवते. निऑनला मृदू, किंचित आम्लधर्मी पाणी लागते. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि हिवाळ्याच्या रात्री पुरेशा गार असतात. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू घटतो. निऑन उन्हाळ्यात कोमेजतो, गोल्डफिश तर मुळात थंड पाण्याचा मासा आणि कोवळ्या वनस्पतींचा शत्रू. हिवाळ्यात हीटर व उन्हाळ्यात हवेचा पंप आवश्यक समजावा.

२. स्वभावाची जुळणी

जो मासा दुसऱ्याच्या तोंडात मावतो, तो आज ना उद्या तेथे जातो. पूर्ण वाढलेला एंजल निऑनला भक्ष्य समजतो. टायगर बार्ब लांब पर कुरतडतो. दोन नर फायटर एकत्र नांदत नाहीत. डासांच्या अळ्या खाणारा गॅम्बुसिया गप्पीसारखा दिसला तरी इतरांचे पर तोडतो. दोहोंत गल्लत करू नये.

केवळ शांत स्वभावही पुरेसा नाही. बंगालकडचा हनी गोरामी शांत आणि झेब्रा डॅनिओही निरुपद्रवी. परंतु झेब्राच्या सततच्या धावपळीने लाजाळू गोरामी कोपरा सोडत नाही आणि उपाशी राहतो. दोहोंपैकी एकच निवडावा.

थव्याने राहणारा मासा एकटा ठेवणे ही त्याला शिक्षाच आहे. असे मासे किमान सहा तरी असावेत.

३. जागेशी जुळणी

दुकानातील मासा हे बहुधा पिल्लू असते. बोटभर सकर फूटभर वाढतो आणि वनस्पती उपटतो. आपल्या सह्याद्रीतील डेनिसन बार्ब देखणा खरा, पण तो सुमारे सहा इंच वाढतो व त्याचा थवा चार फुटी पेटीच मागतो. त्याची जात नैसर्गिक अधिवासात संकटग्रस्त आहे. मोठी पेटी असेल त्यांनी कृत्रिम पैदाशीचेच मासे घ्यावेत.

तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच पेटीत वाळू-दगड वजा जाता सुमारे शंभर लिटर पाणी राहते. त्यासाठी माझी योजना अशी :

• वरच्या थरात झेब्रा डॅनिओ – ८
• मधल्या थरात चेरी बार्ब – ८
• तळाशी ब्राँझ कोरिडोरास – ६

झेब्राऐवजी हनी गोरामीची एक जोडीही चालेल. वनस्पतींत वॅलिसनेरिया, क्रिप्टोकोराइन व लाकडावर बांधलेला जावा फर्न पुरेसे होतात.

मासे एकदम न आणता आठवड्या-दोन आठवड्यांच्या अंतराने एकेक गट आणावा आणि प्रत्येक गट आधी दोन ते चार आठवडे वेगळ्या पेटीत ठेवावा. विलगीकरणाचे महत्त्व आपल्याला वेगळे सांगायला नको. हाताला जखम असेल तर पेटीत हात घालू नये. मायकोबॅक्टेरियम मॅरिनम आपल्या परिचयाचा आहेच.

शेवटी एक विनंती. नकोसा झालेला मासा बड्या तलावात सोडणे हे पुण्यकर्म नव्हे. २००२ मध्ये रामसर यादीत समाविष्ट झालेल्या या पाणथळीत परका मासा रुजला तर स्थानिक मासे पोरके होतील. तो दुकानदाराकडे वा दुसऱ्या छंदिष्टाकडे द्यावा.

माझी दुसरी पेटी रिकामीच सहा आठवडे उभी होती. रुग्ण विचारत, "मासे कुठे आहेत?" मी सांगे, "त्यांचे घर तयार होते आहे." आता त्याच चिमुरडीचा धाकटा भाऊ लसीसाठी येतो आणि काचेला नाक लावून उभा राहतो. तो मासे मोजतो, मीही मोजतो. गेल्या दोन वर्षांत त्या आकड्यात फारसा फरक पडलेला नाही.