खेळाचा पडदा कसा निवडावा?

हल्लीं पुष्कळ सुशिक्षित घरांत एक नवाच वाद ऐकूं येऊं लागला आहे. कॉलेजांत जाणारा मुलगा म्हणतो कीं, संगणकावर खेळण्यासाठीं १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर पाहिजे. वडील विचारतात, आहे त्या पडद्यावर दिसत नाहीं काय? मुलाला वाटतें, वडिलांना ह्यांतलें कांहीं कळत नाहीं. वडिलांना वाटतें, मुलाला पैशाची किंमत नाहीं. भंडारा जिल्ह्यांत ह्या वादाला आणखी एक अंग आहे. निरनिराळे नमुने शेजारीं शेजारीं ठेवून पाहावयाचे, तर साधारण साठ किलोमीटरवरील नागपूर गांठावें लागतें. नाहीं तर मोबाइलवरील चित्रावर विसंबून वस्तु घरपोंच मागवावी लागते. अशा वेळीं मोठ्या आंकड्यांना भुलणें सोपें असतें. म्हणून ह्या विषयाची थोडी फोड करून सांगावी, असें आम्हांस वाटतें.

प्रथम वडील मंडळींस एक गोष्ट सांगितली पाहिजे. मुलाची मागणी ही निव्वळ चैन नव्हे. पडद्यावरील चित्र हलतें असें आपणांस भासतें, पण वस्तुतः तेथें एकामागून एक स्थिर चित्रें उमटत असतात. साधा पडदा सेकंदास ६० वेळां चित्र बदलतो; म्हणजे एक चित्र सुमारें १६.७ मिलिसेकंद टिकतें. १४४ हर्ट्‌झच्या पडद्यावर हाच काळ सुमारें ७ मिलिसेकंदांवर येतो. ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक’ ह्यांसारख्या नेमबाजीच्या खेळांत प्रतिपक्षी भिंतीआडून क्षणभरच डोकावतो. तेथें हा फरक डोळ्यांस आणि हातांस खरोखर जाणवतो. मात्र ६० वरून १४४ वर जातांना जवळजवळ १० मिलिसेकंद वांचतात, तर १४४ वरून २४० वर जातांना तीनसुद्धां वांचत नाहींत. पहिल्या पायरीचे पैसे सार्थकीं लागतात. पुढच्या पायरीचे बहुतेक घरांत तितके लागत नाहींत.

आतां मुलांस दोन शब्द. पडदा चित्रें घडवीत नाहीं, तो तीं फक्त दाखवितो. घडविण्याचें काम संगणकांतील ग्राफिक्स कार्डाचें. कार्ड सेकंदास ५० चित्रेंच देऊं शकत असेल, तर १४४ हर्ट्‌झचा पडदा घेणें म्हणजे विहिरीला पाणी नसतां मोठा पोहरा विकत आणणें होय. पडद्यावरील बिंदूंचीही हीच गोष्ट. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर सुमारें २१ लाख बिंदु असतात, २५६० गुणिले १४४० वर सुमारें ३७ लाख, आणि ज्याला ‘फोर-के’ म्हणतात त्यावर सुमारें ८३ लाख, म्हणजे पहिल्याच्या चौपट. हे सारे बिंदु रंगविण्याचा भार कार्डावरच पडतो. म्हणून मध्यम कार्ड असल्यास २४ इंची, १०८० चा पडदा पुरेसा समजावा. कार्ड समर्थ असल्यास २७ इंची, १४४० चा घ्यावा. २७ इंचांवर १०८० पसरल्यास एका इंचांत सुमारें ८२ बिंदुच येतात आणि जवळून अक्षरें भरड दिसतात. त्याच आकाराच्या १४४० च्या पडद्यावर एका इंचांत १०९ च्या आसपास बिंदु येतात.

पडद्यांच्या जातीही माहीत असाव्यात. ‘टीएन’ जातीचा पडदा चपळ खरा, पण बाजूनें पाहिल्यास त्याचे रंग पालटतात. ‘व्हीए’ चा काळा रंग गडद असतो. मात्र अंधाऱ्या दृश्यांत हलत्या वस्तूमागें काळसर फरांटा उमटूं शकतो. ‘आयपीएस’ चे रंग कोणत्याही कोनांतून बरेचसे तसेच राहतात. अंधाऱ्या खोलींत त्याचा काळा रंग किंचित् करडा दिसतो, एवढाच उणेपणा. ‘ओलेड’ सर्वांत सुंदर आणि चपळही. परंतु महाग, आणि एकच चित्र दीर्घकाळ राहिल्यास त्याचा डाग कायम उमटण्याचा धोका असतो. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ ह्या मंडळींनीं २०२० सालीं ‘राजी’ हा आपल्या पुराणकथांवर आधारलेला खेळ प्रसिद्ध केला. त्यांतील देवळें आणि भित्तिचित्रें पाहावयाचीं, तर तेथें वेगापेक्षां रंगाचें मोल अधिक. ज्या घरांत सकाळीं त्याच पडद्यावर काकांचे हिशेब, दुपारीं धाकटीचा अभ्यास आणि रात्रीं सर्वांचा चित्रपट होतो, त्या घरास आम्ही निःशंकपणें आयपीएस सुचवूं.

कार्डाचा व पडद्याचा वेग जुळला नाहीं, तर चित्र मधोमध फाटल्यासारखें दिसतें. त्यावर ‘फ्रीसिंक’ किंवा ‘जी-सिंक’ ह्या नांवाची सोय असते. ती आहे कीं नाहीं हें अवश्य पाहावें. उलट, खोक्यावरील ‘१ मिलिसेकंद’ ह्या अक्षरांना फारसें महत्त्व देऊं नये. तो आंकडा अत्यंत अनुकूल स्थितींत मोजलेला असतो.

भंडारा हें पितळेच्या भांड्यांसाठीं नांवाजलेलें शहर. भांडें वाजवून घ्यावें, हें येथील माणसास शिकवावें लागत नाहीं. पडद्यासही तोच न्याय लावावा. पांढरा, काळा, तांबडा, हिरवा व निळा असे पांच रंग पूर्ण पडद्यावर लावून पाहावे. न पेटणारा बिंदु तात्काळ कळतो. हमी किती वर्षांची, हें तर विचारावेंच, पण दुरुस्तीस माणूस भंडाऱ्यास येतो कीं पडदा नागपुरास न्यावा लागतो, हें अधिक आग्रहानें विचारावें. घरीं आणल्यावर विंडोजमध्यें हर्ट्‌झचा आंकडा स्वतः तपासावा. पुष्कळ वेळां तो ६० वरच राहतो आणि दिलेले पैसे वायां जातात. बऱ्याच मॉनिटरांच्या माहितीपत्रकांत ४० अंशांपर्यंतच्या उष्णतेचीच मर्यादा असते. आपल्याकडे मे महिन्यांत पारा ४५ च्या घरांत जातो. तेव्हां पडदा पश्चिमेच्या तापल्या भिंतीशीं टेकवून ठेवूं नये, आणि पावसाळ्यांत विजा कडाडूं लागल्यास त्याची पिन काढून ठेवावी.

राहिला डोळ्यांचा प्रश्न. पडदा हातभर लांब असावा, त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीस किंवा किंचित् खालीं असावी, आणि त्याचा उजेड खोलीच्या उजेडाशीं जुळावा. दर २० मिनिटांनीं २० फुटांपलीकडील वस्तूकडे २० सेकंद पाहावें, असें नेत्रवैद्य सांगतात. वाढत्या वयाच्या मुलांनीं रोज मोकळ्या उजेडांत हिंडल्यास लघुदृष्टीचा धोका कमी होतो, असेंही अभ्यासांतून दिसून आलें आहे. कितीही उंची पडदा ह्या फेरफटक्याची जागा घेऊं शकत नाहीं.

तेव्हां वडिलांनीं मुलास एवढेंच सांगावें: संगणकांतील कार्डाचें नांव, टेबलाची लांबी-रुंदी, आपण खेळतों त्या खेळांची यादी आणि खेळण्याची रोजची वेळ हीं एका कागदावर लिहून आण, मग नागपुरास जाऊं. जो मुलगा हें नीट लिहून आणील, त्याच्या मागणीला हट्ट म्हणण्याचें कारण उरणार नाहीं. आणि जे वडील तो कागद नीट वाचतील, त्यांना ह्यांतलें कांहीं कळत नाहीं असें म्हणण्याची कोणाची छाती होणार नाहीं.