सामाईक क्रिया, मोबाईल ॲपमधील
मोबाईल ॲपच्या अनेक पडद्यांवर वापरकर्त्याला एकाच अर्थाने उपलब्ध असणाऱ्या कृतींना सामाईक क्रिया म्हणतात. उदा., जतन करणे, मागे जाणे, पाठविणे, पुसून टाकणे इत्यादी. अशा क्रियेची आज्ञावली प्रत्येक पडद्यासाठी वेगळी न लिहिता एकाच ठिकाणी लिहिणे आणि सर्व पडद्यांनी तिचाच उपयोग करणे, हे या रचनेचे मूलतत्त्व होय.

या तत्त्वाचे महत्त्व चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या वनप्रदेशात विशेष जाणवते. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण व देहरादून येथील भारतीय वन्यजीव संस्था यांनी २०१० मध्ये ‘एम-स्ट्राइप्स’ ही संनियंत्रण पद्धती सुरू केली. तिच्या मोबाईल ॲपचा उपयोग २०१८ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत करण्यात आला. गस्तीचा मार्ग, वन्य प्राण्यांच्या खुणा, मृत प्राणी यांसारख्या नोंदी अशा ॲपमध्ये केल्या जातात. दाट वनात मोबाईलचे जाळे पुष्कळदा उपलब्ध नसते. तथापि उपग्रहांच्या संदेशांवरून स्थान कळू शकते. त्यामुळे नोंद प्रथम फोनमध्ये साठवून जाळे मिळाल्यावर पुढे पाठवावी लागते.

अशा कोणत्याही ॲपमध्ये पाऊलखुणांच्या पडद्यावरील ‘जतन’ स्थान व वेळ यांसह नोंद साठवीत असेल आणि मृत प्राण्यांच्या पडद्यावरील ‘जतन’ केवळ मजकूरच साठवीत असेल, तर दुसरी नोंद नकाशावर दाखविता येत नाही. वनरक्षकाने पायी फिरून मिळविलेली ती माहिती संरक्षणाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी ठरते. एका पडद्यावरील दोष दुरुस्त करून दुसऱ्यावर तो तसाच राहणे, हेही अशा विभागणीचे फळ होय.

क्रियेला स्वतंत्र वस्तूचे रूप देण्याची पद्धत गामा, हेल्म, जॉन्सन व व्लिसिडीस यांच्या १९९४ मधील ग्रंथामुळे ‘कमांड’ या नावाने रूढ झाली. तीत कळ केवळ मागणी नोंदविते व तिची पूर्तता क्रियावस्तू करते. मागण्या वस्तुरूप असल्याने त्यांची रांग लावता येते व केलेली कृती मागे घेण्याची सोयही करता येते. जाळ्याची वाट पाहणाऱ्या नोंदींना ही रांग उपयुक्त ठरते. आयफोनच्या प्रणालीत मागणी पडद्याच्या घटकाकडून क्रमाक्रमाने वरच्या घटकांकडे जाते व जो घटक ती हाताळू शकतो तेथे थांबते. फ्लटरमध्ये ‘हेतू’ व ‘क्रिया’ वेगळे ठेवले जातात.

सर्व पडदे एकाच मूळ पडद्यापासून निर्माण करून त्यात सामाईक क्रिया ठेवणे सोपे वाटते. परंतु कालांतराने तो पडदा अवजड होतो व त्यातील लहानसा बदलही सर्वत्र परिणाम करतो. तसेच नाव एक असले, तरी क्रिया एकच असते असे नाही. अपुरी नोंद पुसणे आणि कार्यालयाकडे पाठविलेली नोंद पुसणे यांचे परिणाम भिन्न असल्याने त्या दोन स्वतंत्र क्रिया मानाव्या लागतात. म्हणून नावापेक्षा अर्थ व परिणाम यांची समानता हीच सामाईकतेची खरी कसोटी ठरते.