‘भाडेकरू’ आणि ‘लायसन्सी’ : मुंबईतील घराच्या करारनाम्याची भाषा

गिरगाव, दादर, परळ, लालबाग ह्या भागांत राहावयास जागा घेणारा मनुष्य ‘जागा भाड्याने घेतली’ असेच म्हणतो. त्याच्या हाती पडणाऱ्या करारनाम्यात मात्र ‘भाडेकरू’ हा शब्द बहुधा नसतो. त्याच्या जागी ‘लायसन्सी’ हा शब्द येतो. हा भेद केवळ शैलीचा नव्हे. मुदत संपल्यावर त्या मनुष्यास जागेत राहण्याचा हक्क उरतो की नाही, हे ह्या शब्दावर अवलंबून असते.

दोन्ही संज्ञांच्या व्याख्या १८८२ सालच्या दोन निरनिराळ्या कायद्यांत आहेत. मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याच्या कलम १०५ प्रमाणे भाडेपट्ट्याने स्थावर मिळकतीच्या उपभोगाचा हक्कच दुसऱ्याकडे जातो. सुविधाधिकारांच्या कायद्याच्या कलम ५२ मधील लायसन्सने असा कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. जे कृत्य एरवी बेकायदा ठरले असते, ते करण्याची मुभा तेवढी मिळते. ‘लीव्ह अँड लायसन्स’ ह्या जोडशब्दातील ‘लीव्ह’चा अर्थ पुष्कळजण ‘सोडून जाणे’ असा करतात, तो बरोबर नाही. तेथे अभिप्रेत अर्थ ‘अनुमती’ हा आहे. मराठीतील ‘रजा’ हा मूळचा अरबी शब्दही प्रथम ‘संमती’ ह्याच अर्थाचा असून ‘सुटी’ हा अर्थ त्यास पुढे आला. दोन्ही भाषांतील अर्थविकासाचे हे साम्य लक्षणीय आहे.

मुंबईत ह्या शब्दांना एवढे महत्त्व का आले, ह्याचे उत्तर इतिहासात आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूस संरक्षण मिळाले आणि भाडी गोठली. परिणामी जागेचे खरे मोल ‘पागडी’च्या रूपाने वसूल होऊ लागले, डोक्यावरील वस्त्राचे नाव भाड्याखेरीज द्यावयाच्या रकमेस मिळाले. भाडेकरूचे हक्क टाळण्यासाठी मालक लायसन्सचा आश्रय घेऊ लागले. १९५९ साली ‘असोसिएटेड हॉटेल्स’ प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने दस्तऐवजाच्या नावापेक्षा त्याचे सार पाहावे, असे तत्त्व सांगितले. पुढे १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सखाली जागेत असलेल्यांना कायद्यातील दुरुस्तीने भाडेकरूचा दर्जा दिला.

३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने हा तराजू पुन्हा फिरविला. त्याच्या कलम २४ प्रमाणे राहण्यासाठी दिलेल्या जागेचा लेखी लायसन्स-करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा होय. मुदतीनंतर जागा न सोडणाऱ्यास ठरलेल्या आकाराच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. म्हणजे ‘तोंडी वेगळे ठरले होते’ ह्या म्हणण्यास येथे फारसा वाव राहत नाही.

म्हणून सही करण्यापूर्वी करारनाम्याचे वाचन कोशकाराच्या काटेकोरपणाने करावे. प्रथम, ‘लिहून देणार’ हा खरोखर मालक आहे काय ते पाहावे. जुन्या चाळीतील खोली देणारा पुष्कळदा स्वतःच पागडीचा भाडेकरू असतो. आणि करारात तशी मुभा नसल्यास कलम २६ प्रमाणे त्यास पोटभाडेकरू ठेवता येत नाही, की लायसन्सवर जागा देता येत नाही. असा व्यवहार झाल्यास घेणाऱ्याचे राहणेच धोक्यात येते. दुसरे, मुदतीच्या आरंभाची व अखेरची तारीख, अनामत रक्कम परत करण्याची वेळ, तीतून करावयाच्या वजावटी आणि मुदतीपूर्वी जागा सोडण्याची नोटीस ह्यांची वाक्ये कर्त्यासह तपासावीत. ‘दुरुस्ती करण्यात येईल’ ह्या कर्मणी रचनेत दुरुस्ती कोणी करावयाची, हेच सांगितलेले नसते. ‘दुरुस्ती लिहून देणार करील’ असे लिहिले म्हणजे वादाचे मूळच नाहीसे होते.

तिसरी गोष्ट नोंदणीची. कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी जागा देणाऱ्यावर आहे. नोंदणी नसेल, तर अटींविषयी जागा घेणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. शब्दांचा भार एरवी जागा घेणाऱ्यावर पडतो. ह्या एका ठिकाणी कायद्याने तो दुसऱ्या पक्षावर ठेवला आहे.