भूकंप धोका व जोखमीचे भूस्थानिक मूल्यमापन

भूकंप धोका व जोखमीचे भूस्थानिक मूल्यमापन म्हणजे एखाद्या प्रदेशात भूकंपाचे हादरे किती तीव्र असू शकतात आणि त्यांमुळे किती जीवित व वित्तहानी संभवते, याचा नकाशे, उपग्रह प्रतिमा व भौगोलिक माहिती प्रणाली यांच्या आधारे केला जाणारा अभ्यास होय. भूकंपाचा दिवस व वेळ आधी सांगणे हा त्याचा हेतू नसतो.

संकल्पना

धोका ही निसर्गाची बाजू आहे. जोखीम मात्र धोका, त्याच्या कक्षेत येणारी लोकवस्ती व मालमत्ता आणि बांधकामांची दुर्बलता या तिन्हींवर अवलंबून असते. निर्जन वाळवंटात धोका मोठा असूनही जोखीम अल्प असू शकते.

धोक्याचे मूल्यमापन

प्रथम पूर्वीच्या भूकंपांची सूची व ज्ञात प्रस्तरभंगांचा नकाशा तयार करतात. रडार प्रतिमा व जीपीएस केंद्रांच्या नोंदींवरून भूपृष्ठाची सूक्ष्म हालचाल मोजता येते. त्यावरून ठरावीक काळातील हादऱ्यांची संभाव्यता काढली जाते. ५० वर्षांत ओलांडली जाण्याची शक्यता १० टक्के असलेली तीव्रता हे त्यासाठीचे प्रचलित प्रमाण असून तिचा पुनरावृत्तिकाल सुमारे ४७५ वर्षे येतो.

हादऱ्यांची तीव्रता स्थानिक मातीनुसारही बदलते. १९८५ मध्ये मेक्सिको सिटीपासून सुमारे ३५० किलोमीटर दूर केंद्र असलेल्या भूकंपाने जुन्या सरोवराच्या मऊ गाळावर वसलेल्या भागांत मोठा विध्वंस केला. म्हणून वरच्या ३० मीटर थरातील दुय्यम तरंगांचा सरासरी वेग मोजतात. जेथे प्रत्यक्ष मोजणी नसते, तेथे जमिनीच्या उतारावरून त्याचा स्थूल अंदाज बांधतात. शहरांसाठी अशा माहितीवरून सूक्ष्म क्षेत्रविभागणी केली जाते. भारतात जबलपूर, दिल्ली, गुवाहाटी इत्यादी शहरांची अशी विभागणी झाली आहे.

जोखमीचे मूल्यमापन

धोक्याच्या नकाशावर लोकसंख्या, इमारती, रुग्णालये, रस्ते व पूल यांचे थर ठेवले जातात. इमारतींची उंची व छताचा प्रकार उपग्रह प्रतिमांवरून बऱ्याच अंशी कळतो. भिंती कशाच्या आहेत हे जाणण्यासाठी मात्र जनगणना व प्रत्यक्ष पाहणी आवश्यक ठरते. दिवसा व रात्री घरात असणाऱ्यांची संख्या भिन्न असल्याने हानीचे अंदाजही वेगवेगळे काढतात.

किल्लारीचा अनुभव

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. तत्कालीन भूकंप क्षेत्र नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्र १ मध्ये होता. तरीही सुमारे १०,००० लोक मृत्युमुखी पडले. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरील मातीचे जड माळवद झोपेत असलेल्या लोकांवर कोसळले. कमी धोका म्हणजे कमी जोखीम नव्हे, हे या घटनेने दाखवून दिले. भारतीय मानकाच्या २००२ मधील सुधारणेत क्षेत्र १ रद्द करण्यात आले आणि देशाची क्षेत्र २ ते ५ अशी विभागणी झाली.

मर्यादा

भूकंपांच्या उपकरणीय नोंदी जेमतेम शतकभराच्या आहेत, तर काही प्रस्तरभंगांवरील मोठे भूकंप हजारो वर्षांच्या अंतराने होतात. त्यामुळे नोंद नसलेला प्रदेश सुरक्षित मानता येत नाही. वस्ती वाढते व बांधकामे बदलतात, म्हणून जोखमीचे नकाशे वेळोवेळी अद्ययावत करावे लागतात.