गाव सुटला, हेल राहिला

शहरात आला की माणूस आपली बोली टाकतो, असे सरसकट म्हटले जाते. मला ते पटत नाही. आपल्या गिरणगावाकडेच पाहा. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली. पुढे कोकणातली आणि घाटावरची माणसे परळ-लालबागेत भिंतीला भिंत लावून राहिली. शब्द लवकर बदलले. शेजारी सातारकर असला, की मालवणी गडी ‘माका’ सोडून ‘मला’ म्हणे. हेल मात्र राही. कारण तो गाववाल्यांच्याच खोलीत निजे, आणि गणपती-शिमग्याला गावी जाई. शिवाय मोठ्या वयात जिभेचे वळण सहसा मोडत नाही. चाळीत वाढलेली मुले मात्र आईबापांसारखी न बोलता सवंगड्यांसारखी बोलू लागली.

ही नुसती गंमत नव्हे. गेटावर तासभर बोलणारा कामगार खातेचौकशीत साहेबापुढे ‘पाणी’ म्हणावे की ‘पानी’ या धास्तीने दोन वाक्यांत गप्प होतो, आणि ते गप्प राहणे कबुली समजले जाते. अशा वेळी मी त्याला सांगतो, बाबा, तुझ्या बोलीत सांग. लिहून घेणाऱ्यालाही सांगतो, तो बोलला तसेच लिहा.